आधी कोणी दाबलं?

कॉलेज संपल्यावर माझ्या बरोबरची बहुतेक मुलं-मुली हिंजवडीला लागली आणि मी नारायण पेठेत लागले. त्यांना न्यायला सकाळी कंपनीची बस यायची, गळ्यात फोटोचं कार्ड लटकायचं, दुपारचं जेवण म्हणे काचेच्या मोठ्या हॉलमध्ये. माझं ऑफिस लग्नपत्रिकांच्या एका दुकानावर, दोन खोल्यांचं. जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर खालच्यानं रस्त्यावरच थांबायचं. आम्ही पाच माणसं. कारखान्यांमधल्या भट्ट्यांचं तापमान सांभाळणारी लहान यंत्रं आम्ही बनवायचो. भेटले की मैत्रिणी मला जरा जपूनच विचारायच्या, "अजून तिथंच?"

मी तिथंच होते आणि मला तिथं मनापासून आवडत होतं. त्यांनी लिहिलेला प्रोग्राम अमेरिकेतल्या कुठल्या तरी बँकेत चालायचा. तो त्यांना कधी दिसायचा नाही. मी लिहिलेलं माझ्यासमोर टेबलावर चालायचं. दिवा लागायचा, पंखा फिरायचा, काटा हलायचा. पुढे काही वर्षांनी मीही हिंजवडीला गेले, पण दिवा लागल्यावर होतो तसा आनंद तिथल्या पगारवाढीनंही झाला नाही.

माझं काम ड्रायव्हर लिहिण्याचं. संगणकाला बाहेरून जोडलेलं जे काही असेल, बटण असो, दिवा असो, त्याची आणि आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमची बोलणी करून देणारा हा छोटा प्रोग्राम. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धायरीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "आमची मुलगी ड्रायव्हर लिहिते." शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "नुसतं लिहिते कशाला? चालवायलाही शिकव म्हणावं."

ऑफिसात यंत्रांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवायचं काम माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या एका सहकाऱ्याचं. त्यांच्या घरचं रविवार पेठेत घड्याळांचं दुकान, पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्यांनी घड्याळं सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, पण डोळ्याला भिंग लावून बसायची सवय घरचीच. घरात ते उर्दू बोलत, आणि ऑफिसात सगळ्यांत शुद्ध आणि सगळ्यांत तिरकं मराठी त्यांचं. एकदा मी विचारलं, "ही सोल्डरिंग गन गरम आहे का हो?" मान वर न करता म्हणाले, "हात लावून बघा. नसली तर मला सांगा."

एके दिवशी त्या जिन्यावरून एक बाई वर आल्या. पांढरे केस, कडक इस्त्रीची सुती साडी, सरकारी अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. शहरातल्या सहा ज्येष्ठ नागरिक संघांची मिळून दर वर्षी प्रश्नमंजूषा व्हायची, तिच्या त्या चिटणीस. आमच्या सरांशी त्यांची जुनी ओळख होती. पाणी नको, चहा नको, थेट विषयावर आल्या.

"गेल्या वर्षी प्रत्येक टेबलावर एक घंटी ठेवली होती. हॉटेलात असते ना, तशी. ज्याची आधी वाजेल त्यानं उत्तर द्यायचं. स्पर्धा दुपारी संपली, भांडणं संध्याकाळपर्यंत चालली. दोन गृहस्थ अजून एकमेकांशी बोलत नाहीत. आणि राहतात एकाच जिन्यात."

"मग आपल्याला काय करून हवंय?" सरांनी विचारलं.

"आधी कोणी दाबलं ते सांगणारं यंत्र. माणसाचं कुणी ऐकत नाही. यंत्राचं ऐकतील."

सर आमच्याकडे वळले. मी हो म्हणून टाकलं. भट्ट्यांना कंटाळले होते, आणि बटणं म्हणजे काय, दोन दिवसांचं काम, असं तेव्हा वाटलं होतं.

बोर्डवाल्या सहकाऱ्यांनी बुधवार पेठेतल्या दुकानांतून कारखान्यात यंत्र बंद करायला वापरतात तसली मोठी लाल बटणं आणली. वाटी उपडी ठेवावी एवढी. म्हाताऱ्या माणसांचा नेम चुकायला नको, हा त्यांचा विचार. सहा खोकी, सहा लांब तारा, प्रत्येक खोक्यावर एक दिवा. सगळ्या तारा आमच्याच नेहमीच्या बोर्डाला जोडायच्या आणि बोर्डानं पडद्यावर टेबलाचा क्रमांक दाखवायचा.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. संगणक आपल्या कामात असतो. बटण दाबलं की एका तारेवरून त्याला हाक जाते. तो हातातलं काम तिथंच ठेवतो आणि ड्रायव्हरला पुढे करतो. ड्रायव्हर सहाही बटणांकडे बघतो, कुठलं दाबलंय ते टिपतो आणि संगणक पुन्हा आपल्या कामाला लागतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. आमच्या बोर्डावर अशा हाकेसाठी एकच तार मोकळी होती, म्हणून सहकाऱ्यांनी सहाही बटणं त्या एका तारेवर बांधली. कुणीही दाबलं तरी हाक तीच. कोणी दाबलं ते शोधायचं काम माझं.

पहिल्यांदा जोडलं आणि मी तिसऱ्या टेबलाचं बटण एकदाच दाबलं. पडद्यावर तीन, तीन, तीन, तीन अशी रांग लागली.

"तुमचं बटण थरथरतंय," मी म्हटलं. ते खरंच होतं. आतल्या दोन पत्र्या एकमेकींना टेकताना क्षणभर थरथरतात. आपल्याला ते जाणवत नाही, पण संगणकाला प्रत्येक थरथर म्हणजे नवी हाक वाटते.

"मॅडम, जगातलं प्रत्येक बटण थरथरतं," ते म्हणाले. "तुमचा ड्रायव्हर घाबरट आहे."

मग मी ड्रायव्हरला धीर धरायला शिकवलं. हाक आली की लगेच बघायचं नाही. डोळ्याची पापणी लवते त्याहूनही कमी वेळ थांबायचं, थरथर विरू द्यायची, आणि मग बटणांकडे बघायचं. हा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय. तो लागू पडला. एकदा दाबलं की एकदाच आकडा. आम्ही दिवसभर बटणं दाबली. सरांनी दाबली. खालचे पत्रिकावाले वर येऊन दाबून गेले. मी खूश होऊन सगळ्यांना साबुदाणा वडे खाऊ घातले.

घरी जेवताना हे सांगितलं तेव्हा आप्पांनी घास हातातच धरला. "म्हणजे आमच्या स्पर्धेचं यंत्र तू बनवतेयस?"

आप्पा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. सगळा जन्म पत्रांची विभागणी करण्यात गेला, त्यामुळे देशातलं कुठलंही गाव विचारा, जिल्हा सांगत. रविवारी सकाळी आमच्या भागातल्या बुद्धविहारात ते मुलांचा अभ्यास घेत आणि संध्याकाळी धायरीच्या ज्येष्ठ नागरिक संघात जात. संघाच्या चमूत ते होते, एक निवृत्त परिचारिका मावशी होत्या आणि धायरी गाव होतं तेव्हापासूनचे एक शेतकरी तात्या होते. टेबलांसाठी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा धायरीला पहिलं टेबल मिळालं.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी दुपारी एका शाळेच्या सभागृहात रंगीत तालीम ठेवली होती. सहकाऱ्यांनी आणि मी तारा पसरल्या, चिकटपट्टीनं फरशीला चिकटवल्या, पडदा लावला. आजी-आजोबा येऊन बसले. एकेक जण बटणाला हळूच बोट लावून बघत होता. चिटणीस बाईंनी पहिला प्रश्न वाचला. तालीम होती म्हणून प्रश्न मुद्दाम सोपे काढले होते.

"सूर्याच्या सर्वांत जवळचा ग्रह कोणता?"

सहाही टेबलांवर धाडकन हात पडले. पडद्यावर आलं, टेबल एक. आप्पांनी उत्तर दिलं, टाळ्या पडल्या. पुढचा प्रश्न महाराष्ट्राच्या राज्यफुलाचा. टेबल एक. मग माणसाच्या शरीरातलं सगळ्यांत लांब हाड कुठलं? "मांडीचं! माझं तेच मोडलंय," असं सहाव्या टेबलावरच्या आजी बटण दाबायच्या आधीच ओरडल्या, पण पडद्यावर पुन्हा टेबल एक.

आता कुजबुज सुरू झाली. चौथ्या टेबलावर नारायण पेठेच्या संघातल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. बारीक, ताठ, चष्म्याला साखळी. त्या शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या टेबलाखाली यंत्राला काही नैवेद्य ठेवलाय का? आम्हीही ठेवू. फक्त काय आवडतं ते सांगा."

सभागृह हसलं. मागून एक आवाज आला, "अहो, यंत्र करणारी मुलगी त्या पहिल्या टेबलवाल्यांचीच आहे."

हसू थांबलं. माझे कान तापले. पडद्याशेजारी उभी होते, कुठं बघावं ते कळेना. आप्पांना आयुष्यात एक गोष्ट कधीच सहन झाली नाही, ती म्हणजे 'तुम्हाला काय, आयतं मिळालं' हे वाक्य. नोकरीत ते त्यांनी पुष्कळदा ऐकलं होतं, आणि दर वेळी दुप्पट काम करून त्याला उत्तर दिलं होतं. ते आता उभे राहिले. रागावले असतील असं मला वाटलं. पण आवाज अगदी साधा होता.

"या शेवटच्या प्रश्नाला मी नंतर दाबलं. या चौथ्या टेबलावरच्या बाईंनी आधी दाबलं. गुण त्यांचा."

"यंत्र म्हणतंय तुम्ही आधी," चिटणीस बाई म्हणाल्या.

"यंत्राचं मला माहीत नाही. माझ्या हाताचं मला माहीत आहे."

शिक्षिका बाईंनी चष्मा काढून आप्पांकडे पाहिलं आणि पुन्हा लावला.

पुढचा प्रश्न झाला आणि आणखीच गंमत झाली. कुणी कितीही दाबलं तरी पडदा ढिम्म. सगळे बटणांवर थापा मारतायत. "वीज गेली का?" "पंखे चालू आहेत की." सहकारी प्रत्येक तार हातानं चाचपत टेबलांमधून फिरले आणि पाचव्या टेबलापाशी थांबले. तिथले आजोबा बटणावर पूर्ण पंजा टेकवून, त्यावर भार देऊन बसले होते.

"आजोबा, हात काढता का जरा?"

"का म्हणून? गेल्या तिन्ही वेळा मागे राहिलो. आता मी दाबूनच ठेवणार."

हात निघाला आणि यंत्र परत बोलायला लागलं. पण तालीम तिथंच मोडली. चिटणीस बाईंनी कागद पिशवीत घातले. जाता जाता मला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी स्पर्धा आहे. घंट्या मी अजून फेकलेल्या नाहीत."

धायरीच्या बसमध्ये आप्पा, मी आणि तात्या एकाच बाकावर. तात्या खिडकीकडून वळून म्हणाले, "पोरी, तू कशापायी तोंड पाडतीस? यंत्र लई गुणाचं हाय तुझं. आपल्या गावाला वळखतंय!" आणि स्वतःच इतके हसले की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. आप्पाही हसले. मग मलाही आवरेना.

घरी आल्यावर मी आप्पांना विचारलं, "तुम्ही नक्की नंतर दाबलंत?"

"नक्की. बाईंचा हात बटणावर आपटल्याचा आवाज ऐकला आणि मग माझा पडला."

"किती नंतर?"

त्यांनी ताटाच्या कडेवर दोन बोटं वाजवली. टप-टप. दोन आवाज जवळजवळ एकमेकांना चिकटलेले. "एवढं. बाकीचं तू बघ. मला त्यातलं कळत नाही."

ते टप-टप माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंहगड रस्त्यावर बस अडकली होती, मी दांड्याला धरून उभी होते आणि मनातल्या मनात माझाच ड्रायव्हर ओळीनं वाचत होते. हाक येते. ड्रायव्हर थांबतो. थरथर विरते. मग तो बघतो. आणि मध्ये तो थांबलेला असताना? त्या थांबण्यात आप्पांचं दुसरं टप सहज बसत होतं! म्हणजे ड्रायव्हर बघायला जातो तेव्हा चौथं बटणही दाबलेलं असतं आणि पहिलंही. हाक कोणी मारली हे त्याला आता ठाऊकच नसतं. मग तो मोजायला लागतो, आणि मोजायला लागतो ते...

"एकापासून!" मी मोठ्यानं म्हणाले.

कंडक्टर मागे वळले. "तिकीट काढलंय ना तुम्ही? मग आणखी एक कुणासाठी?"

मी एकापासून सहापर्यंत बघत जायचं असं लिहिलं होतं, कारण आपण सगळे तसंच मोजतो. जे पहिलं दाबलेलं सापडेल ते विजेतं. ऑफिसात मी एका वेळी एकच बटण दाबून बघायचे, त्यामुळे ते कधी उघडकीला आलं नाही. सहा टेबलांवरची ईर्ष्येनं पेटलेली म्हातारी माणसं लागली त्याला. मला इतका आनंद झाला की पुढच्या थांब्यावर उतरून चालायला लागले. बस काही हलत नव्हती, आणि मला उभं राहवत नव्हतं.

जिना चढून गेले आणि सहकाऱ्यांना सगळं एका दमात सांगितलं.

"म्हणजे चूक तुमची," ते म्हणाले.

"हो. माझी."

ते थोडा वेळ भिंग पुसत राहिले. "आजोबांच्या पंज्याची माझी. सहा जणांना मी एकच तार दिली. एकानं ती ओढून धरली की दुसऱ्याला ओढायला उरतं काय? पाहुणा दारात उभा राहून बेलवरचं बोट काढत नसेल, तर मागून आलेल्याची बेल वाजणार कशी?" मग भिंग डोळ्याला लावून म्हणाले, "पन्नास टक्के तुमची, पन्नास माझी. फक्त माझ्या पन्नासाचा दर्जा जरा बरा आहे."

त्या आठवड्यात भट्ट्यांकडे कुणी बघितलं नाही. सहकाऱ्यांनी प्रत्येक बटणाला एक छोटा कपॅसिटर लावला. आता बटण दाबलं की तारेला फक्त एक झटका बसायचा. कुणी पंजा ठेवून झोप काढली तरी तार लगेच मोकळी. मी ड्रायव्हर उलटा केला. हाक आली की न थांबता त्याच क्षणी सहाही बटणांकडे बघायचं, आधीच्या क्षणाशी ताडायचं, नव्यानं कोणतं खाली गेलंय ते टिपून ठेवायचं. थांबायचं ते नंतर, आणि तेही फक्त त्या एका बटणापुरतं, म्हणजे त्याची थरथर मोजली जाणार नाही. आणि दोन बटणं खरंच एकाच क्षणी सापडली तर दोन्ही दिवे लावायचे, प्रश्न रद्द. त्यात कुणाची बाजू घ्यायची नाही.

हे सांगायला सोपं. पहिल्या दिवशी नव्या ड्रायव्हरमध्ये बटणं एकेक करून मुकी व्हायला लागली. दोन दाबलं, मग पाच दाबलं, की दोन कायमचं गप्प. निम्मा दिवस गेला तेव्हा दिसलं. थांबण्याचा वेळ मोजायला मी सहाही बटणांत मिळून एकच घड्याळ ठेवलं होतं. पाचवं दाबलं की दुसऱ्याचं घड्याळ पुसलं जायचं आणि ते बिचारं आपली पाळी संपण्याची वाट बघत बसायचं. मी प्रत्येकाला वेगळं घड्याळ दिलं.

"घड्याळांचं काही असलं तर आमच्या घरी विचारायचं असतं," सहकारी म्हणाले.

खरी अडचण पुढेच होती. टप-टप पुन्हा घडवायचं कसं? आम्ही दोघं समोरासमोर बसून दाबून बघायचो, पण कोण आधी यावर आमचंच भांडण व्हायचं. मग सहकाऱ्यांनी पत्रिकावाल्यांकडून एक लाकडी फूटपट्टी आणली. तिच्या एका टोकाखाली खोडरबराचा तुकडा चिकटवला. पट्टी दोन बटणांवर आडवी धरून खाली दाबली की रबराखालचं बटण अगदी किंचित आधी दाबलं जायचं आणि दुसरं त्याच्या मागोमाग. अगदी आप्पांच्या बोटांसारखं.

रबर चौथ्या बटणावर, दुसरं टोक पहिल्या. आधी जुना ड्रायव्हर चढवला. पट्टी दाबली. टेबल एक. पुन्हा दाबली. टेबल एक. आमची चूक आमच्यासमोर हजर होती, हवी तेव्हा बोलावून घ्यावी अशी. मग नवा चढवला. सहकाऱ्यांनी पट्टी दाबली.

टेबल चार.

"पुन्हा," मी म्हटलं. टेबल चार. पट्टी फिरवली, रबर पहिल्यावर घेतलं. टेबल एक. परत फिरवली. टेबल चार! मी खुर्चीवरून उठून खरंच नाचले. जमीन लाकडी फळ्यांची, तिचा आवाज झाला.

"हळू," सहकारी म्हणाले. "खाली लोक लग्नपत्रिका निवडतायत. वरून असं काही ऐकलं तर विचार बदलतील."

पण हसू त्यांच्याही चेहऱ्यावर मावत नव्हतं. पट्टी त्यांनी आणखी कितीदा तरी दाबली, काही कारण नसताना. सरांनी आंबा बर्फी मागवली. पत्रिकावाले वर आले, त्यांना पट्टीचा खेळ दाखवला, मग त्यांच्या एका गिऱ्हाइकाला दाखवला. नवऱ्या मुलीचा बाप होता तो. "कुणाच्या हाती पट्टी आहे त्यावर आहे म्हणायचं," एवढं म्हणून तो बर्फी घेऊन खाली गेला.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. चिटणीस बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं की यंत्र दुरुस्त केलं आहे. मी मधे उभी राहिले आणि विचारलं, मी दोन शब्द बोलू का? मी जमेल तेवढ्या साध्या शब्दांत सांगितलं की गेल्या वेळी यंत्र पहिल्या टेबलाला का झुकतं माप देत होतं, आणि आता काय केलं. सहकाऱ्यांनी सगळ्यांसमोर पट्टी दाबून दाखवली. पाचव्या टेबलावरच्या आजोबांनी मुद्दाम पंजा बटणावर ठेवला, बाकीच्यांनी दाबून बघितलं, यंत्र बोललं. आजोबा म्हणाले, "म्हणजे आता दाबून धरण्यात अर्थ नाही तर!" आणि नाइलाजानं हात काढला.

मग स्पर्धा. कुणी तक्रार केली नाही असं म्हणणार नाही, पुण्यातली स्पर्धा होती. प्रश्नांवर झाली, उत्तरांवर झाली, पंख्याच्या आवाजावर झाली. पण बटणांवर एकही झाली नाही. सहाव्या टेबलाच्या आजी एकदा दिवा लागला तेव्हा इतक्या हरखल्या की उत्तर द्यायचं राहूनच गेलं. एकदा तिसरं आणि दुसरं टेबल खरोखर एका क्षणी सापडलं. दोन्ही दिवे लागले तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जणू फटाका फुटला.

शेवटी धायरी आणि नारायण पेठ बरोबरीत आले. निर्णायक प्रश्न. चिटणीस बाईंनी वाचला, "संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेलं नागपूर कोणत्या नदीच्या काठी वसलंय?" टपालवाल्याला हा प्रश्न म्हणजे घरचा. आप्पांचा हात पडला. शिक्षिका बाईंचाही पडला. टप-टप. मी पडद्याकडे वळले.

टेबल चार.

"नाग नदी," शिक्षिका बाई म्हणाल्या.

आप्पांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "हरलो! हरलो!" चेहरा असा फुललेला की मागच्या रांगेतल्यांना वाटलं धायरीच जिंकली, आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. आप्पा टेबलामागून निघून थेट माझ्याकडे आले. "बघितलंस? त्यांचा आधी पडला होता. मला ऐकू आला! तुझ्या यंत्रालाही ऐकू आला!" एवढ्या लोकांत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तात्या मागून म्हणत होते, "आता वळख इसरलं म्हनायचं बेनं!"

शिक्षिका बाई बक्षिसाचा डबा हातात घेऊन आल्या. "हरल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी आजच पाहिला," त्या आप्पांना म्हणाल्या. "आपण नारायण पेठेच्या संघात या. आम्हाला भूगोलाचा माणूस नाही."

"आणि धायरीचं काय?"

"धायरीला आम्ही इतिहासाचा माणूस देऊ. बोलतो फार, पण घेऊन जा."

आम्ही तारा गुंडाळायला घेतल्या, पण गुंडाळू कुणी देईना. "एक खेळ अजून," "बक्षीस नको, नुसतं दाबू द्या." परिचारिका मावशींनी सहकाऱ्यांना दंडाला धरून तिसऱ्या टेबलावर बसवलं. कुणीतरी विचारलं, कागदाच्या एका दस्त्यात किती ताव असतात? सहकाऱ्यांचा हात विजेसारखा पडला. दिवा त्यांचाच. ते उभे राहिले, तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. सगळ्या ऑफिसाला शब्दागणिक उत्तर देणारा हा माणूस, त्याला एक आकडा आठवेना.

"बोला," शिक्षिका बाई म्हणाल्या. "यंत्र तर तुमचंच आहे."

ते कान धरून खाली बसले, आणि इतकं हसले की डोळे पुसावे लागले.

शाळेचे शिपाई किल्ल्या घेऊन दारात उभे राहिले तेव्हा कुठं सभागृह रिकामं होऊ लागलं. आप्पा आणि तात्या बाहेर चहाला गेले. चिटणीस बाई कागद आवरत होत्या. पिशवी खांद्याला लावून त्या निघाल्या, दोन पावलं गेल्या, आणि थांबल्या. आजूबाजूला कुणी बघत नाही असं त्यांना वाटलं असावं. सहाव्या टेबलापाशी जाऊन त्यांनी बटणावर सपाट हातानं एक सणसणीत थाप मारली. दिवा लागला. त्या दिव्याकडे बघत क्षणभर उभ्या राहिल्या.

"ठीक आहे," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि निघून गेल्या.